एकतिसाव्यांदा

"नियमात कुलूप दहा वेळा दाबून बघा असं लिहिलंय. एकतिसाव्यांदा दाबायला तुला कोणी सांगितलं होतं?" फोरमनकाका तडकले.

पाइपांच्या जोडांचे एक्स-रे काढणारी यंत्रं त्या कारखान्यात बनत. फोटोसाठी बाहेर सरकणारी किरणोत्सर्गी गोळी पूर्ण आत आल्याशिवाय यंत्राचं कुलूप लागता कामा नये. तपासणीला नव्याने लागलेली ती सहज म्हणून दाबत राहिली आणि एकतिसाव्या खेपेला, चाचणीची खोटी गोळी दोन बोटं बाहेर असतानाच, कुलूप लागलं.

"काका, बंद आहे समजून कोणीतरी हे पोटाशी धरून उचलेल."

"ट्रक भरून उभा आहे! खुसपटं काढायलाच शिकून आलीस होय?" म्हणत ते तरातरा निघून गेले.

आता साहेबांचं बोलावणं येणार, पहिल्याच महिन्यात नोकरी जाणार, हे तिने गृहीतच धरलं. अर्ध्या तासाने काकाच ट्रॉली ढकलत आले. ट्रॉलीवर ट्रकमधून उतरवलेली अकरा यंत्रं होती, काल तिनेच पास केलेली.

"यांच्या कुलपांच्या स्प्रिंगाही त्या यंत्राच्याच पेटीतल्या आहेत," बाह्या वर सारत ते म्हणाले. "ट्रक आज जात नाही, साहेबांना सांगून आलोय. बस इथे. तू दाब, मी मोजतो."