खाकी कव्हरातली कादंबरी

"अगं, काय भिकार कादंबरी आहे ही!" समीक्षक दिगंबर कानविंद्यांनी खाकी कव्हर घातलेलं पुस्तक टीपॉयवर आपटलं.

त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई मटार सोलत राहिल्या. "तुम्हीच निवडलीत."

"तेव्हा माझी अक्कल चरायला गेली होती का?"

निवड जन्मात एकदाच करता येत असे. कानामागे चिप बसवली, की निवडलेलं ते एक पुस्तक वाचून झोपल्यावर डोक्यातून साफ पुसलं जाई आणि पुढच्या वेळी पुन्हा कोरं करकरीत वाचायला मिळे. लोकांनी रहस्यकथा निवडल्या. आयुष्यभर सगळ्या मराठी साहित्याला नाकं मुरडणाऱ्या कानविंद्यांनी स्वतःचीच कादंबरी निवडली. दुसरं काही त्या लायकीचं नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सुनावलं होतं. पुस्तकाबरोबर ते लिहिल्याची आठवणही पुसली जाईल, हे त्या विद्वानाच्या ध्यानातच आलं नाही.

एकदा बाईंनी खरं सांगून पाहिलं, तर ते दिवसभर जेवले नाहीत. झोपून उठले ते सगळं विसरून. मग बाईंनी लेखकाच्या नावाचं पान फाडलं आणि शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं कव्हर घातलं.

"पानापानावर याचं मी, मी आणि मी!" कानविंदे चवताळले होते. "बायकोला साधं नावसुद्धा दिलेलं नाही. ती नुसती चहा आणते. असल्या माणसाशी कुठल्या बाईनं संसार केला असेल?"

"केला एकीनं," मटाराचं ताट उचलत बाई म्हणाल्या. "चहा टाकू?"