चकतीचा आवाज

ओले क्वामे नावाचा माणूस चुलीशेजारी बसून हातातल्या चिमट्याने काडतुसं भरत असे. त्याच्या मुलाने, नेल्सने, त्या कामासाठी ओकचं जाड टेबल केलं. नेल्सचा मुलगा आयनार याने टेबलाला दांड्याच्या एका ओढीला एकच काम करणारं यंत्र बसवलं. आयनारची मुलगी आर्डिसबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्याच यंत्रावर बसत. आणि आज, शनिवारी सकाळी, रॉइस डचरच्या गॅरेजमध्ये उभ्या राहून त्या त्याच्या नव्या यंत्राकडे, चोरीची गाय विकायला आणलेल्या माणसाकडे पाहावं, तशा पाहत होत्या.

मोंटानातल्या त्या खोऱ्यात पिस्तूल हातात फुटण्याच्या भीतीने दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या पिस्तुलात घालत नसे. अपवाद एकाच घराचा होता, क्वामेंचा. म्हणून तर आर्डिसबाईंना बोलावलं होतं. बाहेर लाइल बर्गम आणि इतर नेमबाज ट्रकपाशी कॉफी पीत थांबले होते. दुपारी सामने होते. बाईंनी मान डोलावली, तर ते रॉइसची काडतुसं घेऊन जाणार होते. नाही डोलावली, तर त्याच्या हातचं काडतूस पुन्हा कोणी शिवणार नव्हतं.

"बघा काकू," रॉइस म्हणाला, "चकतीवर काडतुसांच्या पाच पुंगळ्या. दांडा ओढला की पाचांची पाच कामं एकदम. मग अंगठ्याने चकती एक घर पुढे. तुम्ही हिवाळाभर भरता, तेवढी मी न्याहारीआधी भरतो."

"आणि पुंगळीत डोकावतोस कधी?"

"डोकावायला थांबलो तर वेग कसला?"

"मी प्रत्येकीत डोकावते. बॅटरीच्या उजेडात."

"म्हणून तर तुमच्याकडे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगची टर्की नाताळात मिळते."

बाई हसल्या नाहीत. यंत्र सुरू झालं. खट, दांडा. टक, चकती. खट, टक. तयार काडतूस घरंगळत टोपलीतल्या पितळी ढिगात जाऊन पडे. ताल नादावणारा होता, आणि नादावणाऱ्या गोष्टींवर बाईंचा भरवसा नव्हता.

खट. तेवढ्यात फोन वाजला. रॉइसने दांडा वर सोडला, बायकोला "हो, आणतो" म्हणाला, फोन खिशात टाकला आणि पुन्हा दांडा ओढला. खट.

मधला टक बाईंना ऐकू आला नाही.

त्यांचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. आवाज झालाच नव्हता, की आपल्यापर्यंत पोहोचला नव्हता? तेवढ्या विचारात आणखी काही काडतुसं टोपलीत पडली.

"थांब. फोननंतर चकती फिरवलीस?"

"फिरवली असणार की."

"असणार?"

रॉइसने टोपलीकडे पाहिलं. सगळी काडतुसं सारखीच चमकत होती. "म्हणजे एका पुंगळीत बंदुकीची दारू दोनदा पडली, असं म्हणता? काकू, आधी कानातल्या यंत्राचा सेल बदला." पण बोलता बोलता त्याचा अंगठा चकतीच्या कडेवरून फिरत होता, काहीतरी आठवायला धडपडत असल्यासारखा.

बाईंनी त्याचा चेहरा न्याहाळला. त्याच्या बापाचं, हार्लनचंच रुंद कपाळ, हार्लनचेच कान. फक्त याचे दोन्ही डोळे शाबूत होते.

"सगळी फोडायची," त्या म्हणाल्या.

"आणि बाहेर काय सांगू? फोन वाजला आणि विसरलो? मग हे यंत्र विकूनच टाकतो."

"तू काही सांगू नकोस."

त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. "आज इथली काडतुसं मिळायची नाहीत. बंदुकीची दारू माझ्याकडची होती. तळघरात तिला ओल धरली आणि माझ्या लक्षात आलं नाही. रॉइसच्या आलं."

लाइलचा कप ओठांशीच थांबला. "क्वामेंच्या घरची दारू ओली?"

"हो."

"आणि तुमच्या लक्षात आलं नाही?"

"एक गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही, लाइल."

लाइल ट्रककडे गेला. सीटखालून त्याने भरलेल्या काडतुसांची एक पेटी काढली. तिच्यावर बाईंचं अक्षर होतं. ती त्याने दोन्ही हातांनी, अदबीने आणून त्यांच्या पायांशी ठेवली, टोपीला हात लावला आणि निघून गेला. मागोमाग बाकीचे ट्रकही गेले.

आत रॉइस अजून यंत्रापाशीच उभा होता. "तुम्ही मला कधी दारू दिलीच नाही. खोटं का बोललात?"

"तुझ्या बापाचा डोळा कशाने गेला?"

"कुंपणाची तार तुटून. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

"खोऱ्याला त्याने सांगितलं तेवढं माहीत आहे. काडतूस माझ्या वडिलांनी भरलेलं होतं. मध्येच कोणीतरी दारात आलं, आणि परतल्यावर त्यांनी त्याच पुंगळीत पुन्हा दारू ओतली. पिस्तूल हार्लनच्या तोंडापुढे फुटलं. तो मरेपर्यंत तारच म्हणत राहिला, आणि आमचं नाव राहिलं."

रॉइस खाली बसला.

बाईंनी भिंतीवरची काडतुसं फोडायची पोकळ हातोडी काढली. तिच्या तोंडात एक काडतूस बसवलं आणि ती ओट्यावर आपटली. गोळी पुंगळीतून निघाली, दारू बशीत ओतली, बोटाच्या पेराएवढा ढीग झाला. बशी डब्यात रिकामी केली. दुसरं. तिसरं. हळूहळू गॅरेजच्या दारातलं ऊन ओट्यापर्यंत आलं.

मग एका काडतुसातून दारू पडली ती थांबेचना. बशीत ढीग उभा राहिला, इतर सगळ्यांच्या दुप्पट.

रॉइसने हाताने तोंड झाकलं. बाईंनी बशी त्याच्यापुढे सरकवली.

"हार्लनला आता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या वतीने तू ऐकून ठेव. फिटलं."

आणि त्यांनी पुढचं काडतूस उचलून हातोडीत बसवलं. टोपलीत अजून पुष्कळ होती.