सूज उतरल्यावर

"साहेब भाषणाची तयारी करतायत. कुणालाही आत सोडायचं नाही," सहायक म्हणाला आणि पुन्हा नखं कापायला लागला.

छोट्या मॅडम, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टर, दाराबाहेर ताटकळत राहिल्या. आतून साहेबांचा, म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांचा, खणखणीत आवाज येत होता. भाषणाचा विषय होता, मेंदूभोवतालच्या पाण्यात औषध पोचवताना येणाऱ्या अडचणी. याच साहेबांनी सकाळी वॉर्डाकडे न फिरकता फोनवरून फर्मान सोडलं होतं, "खिडकीजवळच्या पोराचा ताप उतरलाय ना? मग अँटिबायोटिक निम्मं करा."

तो पोरगा आणला तेव्हा बेशुद्ध होता. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. त्या दिवशी त्याच्या आत्याने सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. साहेब जेवण अर्धवट टाकून धावत आले होते. मग पोरगा शुद्धीवर आला, चहा मागू लागला, आणि आत्या एकदम मऊ झाली. दिसेल त्याला हात जोडायची. तेव्हापासून त्या खाटेकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

छोट्या मॅडम हात हलवत वॉर्डात परतल्या.

"पोर बरं झालंय, मग तुमचं तोंड का उतरलंय?" आत्याने विचारलं.

मॅडमना राहवलं नाही. "आत्या, मेंदूभोवती एक पहारा असतो. रक्तातलं औषध तो सहजासहजी आत सोडत नाही. सूज असली की पहारा ढिला पडतो, औषध आत शिरतं. सूज उतरली की पुन्हा कडक. म्हणून बरं वाटलं तरी औषध शेवटपर्यंत पूर्ण द्यायचं असतं. निम्मं केलं तर आत पुरेसं पोचणार नाही. उरलेले जंतू उलटले तर पोर हातचं जाईल."

"मग साहेबांना सांगा की!"

"आत कोण सोडतंय मला?"

आत्या बाह्या सरसावून उठली आणि थेट साहेबांच्या दारासमोर उभी राहिली. तिने असा काही आवाज लावला की सहायकाच्या हातातलं नेलकटर खाली पडलं. तो अडवायचंच विसरला. दार उघडलं. भाषणाचे कागद हातात धरून साहेब जातीने बाहेर आले, आणि औषध तिथल्या तिथे पूर्ववत झालं.

दुसऱ्या दिवशी छोट्या मॅडम निर्धास्त मनाने कामावर आल्या, तर साहेबांच्या दाराशी पुन्हा तोच दंगा. त्या धावतच गेल्या.

"अहो आत्या, आता काय झालं? औषध पूर्ण चालू आहे ना?"

आत्या ओरडता ओरडता थांबली. हळूच म्हणाली, "झालं काहीच नाही. पण बरं वाटलं म्हणून मध्येच कमी करायचं नसतं, असं तुम्हीच म्हणालात ना?"