पहाटेच्या काळजीचा शब्द

रात्रभर सासूबाई तापाने फणफणत होत्या. कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलता बदलता मला उजाडलं. इंग्रजीचे प्राध्यापक असलेले त्यांचे चिरंजीव शेजारच्या खोलीत ढाराढूर झोपले होते.

उठल्याउठल्या त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर रोजचा दुर्मीळ इंग्रजी शब्द टाकला. “ऊख्तचारे. ऊख्त म्हणजे पहाटेआधीची वेळ, चारे म्हणजे काळजी. हजार वर्षांपूर्वी, काळजीने पहाटे डोळ्याला डोळा न लागण्याला असं म्हणत.”

लगेच नणंदेचं उत्तर आलं, “दादा, आईसाठी किती जागलास रे.” ह्यांनी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली लिहिलं,



“आणि पलीकडच्या खोलीत घोरत पडण्याला काय म्हणत? आईंनी विचारलंय.”