गल्लीचा दाखला

“डोकं? सिद्रामचं? छे हो साहेब!” नरसय्या माग न थांबवताच ओरडला. “एकदम टकाटक माणूस. मिल्ट्रीतला की!”

पेन्शनचे साहेब नरसय्याच्या दारात उभे होते. त्यांनी फायलीत लिहून घेतलं. मागे उभ्या असलेल्या चांगुणाने कपाळावर हात मारला. सिद्राम म्हणजे तिचे वडील, आबा.

समोरच्या ओट्यावर बसव्वा उखळात शेंगांची चटणी कुटत होती. साहेब तिच्याकडे वळले. या गल्लीत आल्यापासून त्यांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं. “बाई, सिद्रामना डोकेदुखीचा त्रास आहे का?”

“त्रास? त्येला?” बसव्वाने मुसळ आणखी जोरात हाणलं. “कदी सर्दीसुद्धा न्हाय बघा! लई गुणाचा माणूस. लिवा, लिवा.”

साहेबांनी तेही लिहिलं. पलीकडे कल्लप्पा पत्र्याच्या बादलीला बूड ठोकत होता. त्याने तर हातोडी उंच धरून सांगितलं, “परवा ज्वारीची दोन पोती एकट्यानं उचलली हो साहेब!”

गल्लीचा नियमच होता तसा. चौकशीला कुणी आलं, की आपल्या माणसाचं चांगलंच सांगायचं. मागच्या वर्षी तिप्पण्णाबद्दल पोलीस विचारायला आले, तेव्हाही गल्लीने असंच सांगितलं होतं. आणि तिप्पण्णा लागला की पोलिसात!

अहो, आज उलटं सांगायचंय, असं चांगुणाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेबांच्या देखत सांगणार कसं? साहेब न कळवताच फटफटीवरून धडधडत आले होते. आणि आबांनी पेन्शनच्या अपिलाचं गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं. डोकं दुखतं म्हणून सरकारकडे अर्ज करायचा, याचीच त्यांना लाज. साहेब चौकशीला बाहेर पडले, तेव्हा आबा तिच्या कानात म्हणाले होते, “चांगे, आज कायबी झालं तरी त्यो लाल टॉवेल भाईर लावायचा न्हाय. साहेबाला नाटक वाटंल.”

तीन वर्षांपूर्वी, एकाहत्तरच्या लढाईत, तोफेचा गोळा आबांपासून दहा पावलांवर फुटला होता. अंगावर ओरखडा नव्हता. पण तेव्हापासून डोकं असं उठायचं, की उजेड नको, आवाज नको, पोटात पाणी ठरत नाही. मिलमधली नोकरी दोनदा गेली. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, जखम दिसत नाही. दुसऱ्यालाही तेच. हे शेवटचं अपील होतं.

साहेब परत येऊन खाटेवर बसले. चांगुणाने चहा दिला. बाहेर माग खटकत होता, मुसळ आदळत होतं, बादली बोंबलत होती, आणि दारापुढे पोरांचा विटीदांडू रंगात आला होता.

“तुमचं काय म्हणणं आहे?” साहेबांनी मोठ्याने विचारलं.

“ठीक हाय, साहेब,” आबा ताठ बसून म्हणाले.

“ठीक आहे, तर अपील कशाला? अख्खी गल्ली सांगते, तुम्हाला काही झालेलं नाही. मी तरी दुसरं काय लिहू?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात आबांनी बशी खाली ठेवली. अलगद. जराही आवाज न करता. चांगुणाने ते पाहिलं. आबा बशी अशी ठेवतात, तेव्हा फक्त पाच मिनिटं उरलेली असतात.

नाटक वाटलं तर वाटू दे! तिने वळकटीखालून लाल टॉवेल ओढला आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला.

बसव्वाचं मुसळ वरच्या वर थांबलं. तिने ते हळूच पोत्यावर आडवं केलं. कल्लप्पाने हातोडी मांडीवर ठेवली. पोरांनी विटी उचलली आणि पाय न वाजवता पलीकडच्या बोळात पसार झाली. नरसय्याचा माग शेवटचा एकदा खटकला आणि गप्प झाला.

साहेबांनी मान वर केली. गल्लीत एक चिमणी बोलत होती, ती ऐकू येत होती.

“काय झालं?” सवयीने ते ओरडलेच.

खिडकीत बसव्वा आली. तिने ओठांवर बोट ठेवलं. “हळू की साहेब! डोकं उठलंय त्येचं. टॉवेल लावलाय, दिसंना व्हय?”

आबा तोवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. चांगुणा त्यांच्या डोळ्यांवर ओला फडका ठेवत होती.

“असं... नेहमी होतं?” साहेबांचा आवाज एकदम खाली आला.

“आठवड्यातनं दोनदा तरी. तीन वर्सं झाली.”

“मग मघाशी का नाही सांगितलंत, बाई?”

“घ्या!” बसव्वा कुजबुजली. “चौकशीला आलेल्या माणसाला कुणी घरचं दुखणं सांगतंय व्हय?”

साहेबांनी त्या टॉवेलकडे पाहिलं. मग त्यांनी फायलीतलं पान फाडलं. फाडतानासुद्धा हळूहळू. नव्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलं आणि फाईल मिटली. काय लिहिलं ते चांगुणाने विचारलं नाही.

ते बाहेर आले. फटफटीवर बसले. किक मारायला पाय उचलला, आणि तो तसाच खाली घेतला. मग साहेब उतरले, हँडल धरलं आणि ते फटफटीचं धूड हमरस्त्यापर्यंत ढकलत नेलं. मागून कल्लप्पा आणि नरसय्या जोर लावत होते, चपला काखेत मारून.