दुपारचा पहारा

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. टाळकरी चहा घेऊन येतायत, तोवर एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मनात धरा.

केनवडला सप्ताह होता. बारा ते दोन वीणेचा पहारा प्रज्वलकडे. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच आपण मोकळं व्हायचं. प्रज्वल पुण्याकडे एका मोठ्या मोटार कंपनीत इंजिनिअर. गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या तपासणं त्याचं काम. नव्या मालातल्या चाळीसपैकी तीन गळल्या. त्यानं चारदा लिहून कळवलं, चारही वेळा 'पुन्हा बघा' म्हणून परत. आता साहेबांना चारच्या आत त्या मालाला त्याची मंजुरी हवी होती.

फोन वडिलांच्या, मारोतरावांच्या हातात. वाजून वाजून ते कावले.

"एकदाचा नाही म्हनून टाक ना त्याले. काहून जीव टांगून ठेवतं?"

"चारदा म्हटलं, बाबा. ऐकाले कोनी नाही तिथं. इथं तरी दोन घटका सुखानं उभं राहू द्या मले."

मग मारोतरावांनीच फोन उचलला. पोरगा पहाऱ्यावर आहे, वीणा खाली ठेवता येत नाही जी, असं अदबीनं सांगितलं. साहेबही गोड बोलले. प्रज्वलला हायसं वाटलं. दोनला पुढच्या पहाऱ्याचा फुलसिंग वीणा घ्यायला आला, तर त्यालाही यानं, चारपर्यंत मीच उभा राहतो म्हणून, जेवायला धाडून दिलं.

"सारं पुन्य तूच नेतं का रे इंजिनेर?" फुलसिंग हसत गेला.

चारला तो परतला, तेव्हा प्रज्वलनं त्याच्या गळ्यात वीणा घातली आणि फोन पाहिला. मंजुरी निघाली होती. सही निकिताची. त्याच्याच हाताखाली सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोर. त्यानं तिला फोन लावला.

"मी तुम्हाला विचारणारच होते," ती गोंधळली. "पण साहेब म्हणाले, प्रज्वलचा होकार आहे, फक्त त्याचे हात मोकळे नाहीत."

मग तो साहेबांना लावत राहिला. तिकडून कोणी उचलेना. मंडपात हरिपाठाला माणसं जमली. मारोतरावांनी टाळ पुढे केले, ते त्याला घेववेनात.

तर मायबापहो, त्याच नळ्या बसवलेल्या एखाद्या गाडीतून कोणी लेकराबाळांसकट घाट उतरत असेल. त्यांचं नावगाव आपल्याला ठाऊक नाही. आज नाम घेताना तेवढी त्यांची आठवण ठेवा.