पाव फेरा

लग्नाआधी मोटारसायकलचं मागचं चाक सरळ लावायला लेकीला बापच लागायचा. आज मात्र त्याने वाकवून बनवलेली मोजायची तार जावयाच्या हातात होती. जावयाने दोन्ही बाजूंचं अंतर जुळवून चाक फिरवलं आणि चेनऐवजी असलेला बेल्ट चाकाच्या पुलीच्या मधोमध धावला. “बाबांना चार वेळा करावं लागतं,” लेक कौतुकाने म्हणाली. बापाच्या पोटात दुखलं. दोघं चहा टाकायला आत गेल्यावर त्याने चाक मागेपुढे करायचा डावा नट हळूच पाव फेरा आवळला. दोघं बाहेर आल्यावर लेकीने चाक पुन्हा फिरवलं, तर बेल्ट कडेला सरकला. “माझंच चुकलं,” जावई ओशाळून म्हणाला. लेकीने पाना घेऊन तोच नट बरोबर पाव फेरा सैल केला. एका वेळी पाव फेराच द्यायचा, हे तिला बापानेच शिकवलं होतं. “तुझं नाही चुकलं,” ती नवऱ्याला म्हणाली. “बाबा, हात धुऊन घ्या, चहा झालाय.”